बेचाळिसाव्या दिवसानंतर

शून्याव्या दिवशी बेचाळीस ग्रॅम.
एवढंच लिहिते मी. चोचीवरचा तो पांढरा दाणा,
ज्यानं आतून कवच फोडलं,
तो तक्त्यात बसत नाही.

जुलै. शापेकोच्या पलीकडे उतारावर दंव,
ब्रुस्तोलिनच्या शेडमध्ये मात्र बत्तीस अंश
आणि चौदा हजार पिल्लांचा एकच बारीक आवाज,
कुणी न थांबता तांदूळ पाखडत असल्यासारखा.
वाल्दिर तराजूचा हुक पुसून देतो.
तुमच्या आधीचा, म्हणतो, धष्टपुष्ट तेवढीच उचलायचा.
मापात पाप.
मी डोळे मिटून हात घालते,
कोपऱ्यातल्या तुसात, मग मधे, मग पाण्याच्या नळीखाली.
शंभर पिल्लं. शितावरून भात.

सातवा दिवस: एकशे पंच्याऐंशी.
चौदावा: चारशे वीस.
एकविसावा: आठशे सत्तर. अंगावर पिसं, डोक्यावर अजून बाळलव.
अठ्ठाविसाव्याला तराजूच गारठला, आकडा दाखवेना,
मी तो कोटाखाली धरून
उबवला.

रात्री ठिपके मांडते. त्यांच्यामधून
एक रेघ जाते, आळसावलेल्या एस-सारखी.
समीकरणात तीन अक्षरं:
एक सुरुवातीचं, एक घाईचं,
आणि तिसरं पूर्ण वाढीचं,
ज्याच्याकडे रेघ चढते, चढतच राहते
आणि कधी टेकत नाही.
आमच्या हिशेबात ते सहा किलो पाचशे.

सहा किलो पाचशे पाहिलंय कुणी?
सदतिसाव्या दिवशी वेग शिगेला पोचतो,
तिथून रेघ जराशी सैलावते,
आणि पाच दिवसांनी ट्रक येतो.
निळा दिवा, म्हणजे त्यांना कमी दिसतं.
हैतीहून आलेला विल्नेर दोन्ही तळव्यांत अंग धरतो,
पाय नाही, पंख नाही,
ओठांत त्याच्या भाषेतले आकडे, आठाला एक पिंजरा.
पहाटे शेडमध्ये फक्त ऊब शिल्लक.
माझं तिसरं अक्षर उभं आहे
चौदा हजारांत एकीनंही न जगलेल्या आयुष्यावर.

मागे एका तुकडीतली एक सुटली होती.
लाकडांच्या ढिगामागे सापडली ती एझोल्दाला,
वाल्दिरच्या बहिणीला, जी गावाचे कोट उसवते आणि शिवते.
तिनं ती ठेवली. उरलेला पोलेंटा, मक्याचे दाणे,
आणि रविवारी प्रार्थनेहून आल्यावर
पिठाच्या काट्यावर वजन, बँकेच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीनं.
मला हे कुणी सांगितलंच नाही.
कोट टाकायला गेले तेव्हा भिंतीवर दिसलं:
सत्तर दिवस, पाच किलो शंभर.
अठ्ठ्याण्णव, सहा.
एकशे अडुसष्ट, सहा किलो चारशे.

मी तिथेच स्टुलावर बसले.
ही तर माझी रेघ. जिवंत, लंगडत,
अंगणात शेवग्याएवढ्या सावलीचाही आडोसा नसताना
माझ्या अक्षराकडे चालत गेलेली.

पुढचा आकडा: पाच किलो सातशे.
पेन्सिल चुकली का, विचारलं.
एझोल्दा हसली. खुडूक बसलीय.
तीन आठवडे उठत नाही, खात नाही.
कोंबडा नाही घरात, अंड्यांतून काही निघायचं नाही,
तिला कोण समजावणार?

तो ठिपका मी मांडला. रेघेच्या खाली, एकटाच.
यंत्रानं विचारलं: वगळायचा?
समीकरण उलटंसुलटं तपासलं. त्यात उतरायची सोयच नाही.
वाढ थांबत येते, मंदावते, पण माघारी फिरत नाही;
रेघेला खुडूक बसता येत नाही.

निघताना एझोल्दानं तिच्या पोटाखाली हात घातला
आणि अंड्यांमधून मोजे रफू करायचं
लाकडी अंडं काढून माझ्या हातात दिलं.
हेही उबवतेय, म्हणाली, दोन आठवडे शोधत होते.

गरम होतं.
मी ते थोडा वेळ धरून ठेवलं, मग
जिथं होतं तिथं परत सारलं.